प्रश्न कोणाचा, ते विचारायचं नाही

आमच्या मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण त्या शनिवारी मी उशिरा पोचले. जो हजर नसेल त्याच्या नावावर काम टाकायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. जिना चढून वर आले तर सगळे माझ्याकडे बघून हसताहेत. लगेच कळलं, आपला बकरा झाला.

मंडळ म्हटलं की लोकांना गणपतीच आठवतो. बदलापूरला आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी मला एकदा विचारलं होतं, "मग यंदा मूर्ती किती फुटांची?" आमचं मंडळ ग्रंथपालांचं आहे असं सांगितल्यावर ते म्हणाले, "अरे वा, आमच्या मिसेसला कादंबऱ्या लागतात." त्यांना काय सांगणार? आमच्याकडे कादंबऱ्या नसतात. कंपन्यांच्या, प्रयोगशाळांच्या, हॉस्पिटलांच्या आत जी ग्रंथालयं असतात, ती आम्ही सांभाळतो. रंगांचं रसायनशास्त्र, औषधांच्या चाचण्या, बॉयलरची मानकं, पेटंटं. आमचे वाचक म्हणजे पांढऱ्या कोटातली घाईत असलेली माणसं. ती पुस्तक मागत नाहीत, अडलेला प्रश्न घेऊन येतात आणि उत्तर त्यांना कालच हवं असतं.

अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात तेव्हा अशी ग्रंथालयं बरीच होती. प्रत्येक ठिकाणी एकच माणूस, लॅबच्या शेजारच्या एखाद्या खोलीत. हिशेबनिसाला कंपनीत आणखी चार हिशेबनीस भेटतात. आम्हाला आपल्या कामाचं दुसरं कुणी दिसायचंच नाही. मी रंग बनवणाऱ्या एका कंपनीत लागले तेव्हा पहिलं वर्षभर मला वाटायचं, या कामात जगात मी एकटीच चुकते आहे. मग एक दिवस फोन आला. एका मासिकाचे मागचे अंक तुमच्याकडे आहेत का, असं एका बाईंनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग शनिवारी दुपारी या," त्या म्हणाल्या, आणि पत्ता सांगून फोन ठेवून दिला. या ना, जमेल का, असलं काही नाही.

त्या म्हणजे बाई. औषधांच्या एका कंपनीचं ग्रंथालय त्या चालवायच्या. मंडळ त्यांनीच उभं केलं, आणि आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणत आलो. आवाज इतका हळू, की त्यांचं ऐकायला सगळ्यांना गप्प बसावं लागायचं. त्यांनी कधी कुणाला रागावल्याचं मला आठवत नाही. एखादा संदर्भ चुकला की त्यांची उजवी भुवई वर जायची, तेवढ्याने पुरायचं.

आम्ही जमायचो उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये; तिथल्या भागांना अजून कॅम्पच म्हणतात. जागा साईंच्या चुलत भावाची. हे साईं कापड तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ग्रंथपाल होते. राहायला कॅम्प दोनला, सिंधी, आणि लहानथोर सगळ्यांनाच 'साईं' म्हणून हाक मारायचे, म्हणून आम्हीही त्यांना तेच नाव चिकटवलं. त्यांच्या भावाचा जीन्स शिवायचा कारखाना होता. शनिवारी दुपारी माळ्यावरचं कापड बेतायचं लांबलचक टेबल रिकामं असायचं, तेच आमचं सभागृह. घरी जाताना सगळ्यांची कोपरं निळी. साईं कॅम्प दोनहून दाल-पकवान आणायचे आणि त्याचे तेलकट डाग आमच्या सगळ्या जुन्या कागदांवर आहेत. इतिहासाचं साधन म्हणून माझ्या वाट्याला तेच आले.

आता नियम. आमच्यातल्या निम्म्या कंपन्या एकमेकींच्या वैरी. 'आमच्या साहेबांना अमक्या रसायनावर काय आहे ते हवंय' एवढं कुणी बोलून गेलं, तरी समोरच्याला कळायचं की ही मंडळी काय बनवायच्या मागे आहेत. साहेबांना वास लागला असता तर आमची उचलबांगडी ठरलेली. म्हणून बाईंनी पहिल्याच वर्षी नियम घातला. प्रश्न मांडायचा. तो कोणाचा आणि कशासाठी, हे सांगायचं नाही, आणि दुसऱ्याने विचारायचंही नाही. ज्याच्याकडे उत्तर असेल त्याने पुढच्या शनिवारी झेरॉक्स आणायची, कोऱ्या पाकिटात. झेरॉक्स काढताना ग्रंथालयाचा शिक्का उमटू नये म्हणून त्याच्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवायची. ही पट्टी प्रत्येकाच्या पर्समध्ये नाहीतर पाकिटात कायम असायची. माझी अजून आहे, कडा काळ्या झालेली.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती. तिला नियम म्हणायचीही गरज नव्हती. उत्तर द्यायचं तर पुरतं द्यायचं. आपल्याला पटलं नाही, आवडलं नाही, म्हणून कागद गाळायचा नाही. "निवडायचं काम वाचकाचं," बाई म्हणायच्या. "आपण सगळं समोर ठेवायचं."

हे सगळं उत्तम चालायचं, हे कबूल करते. दुपारभर कुणाचं तरी अडलेलं काहीतरी सुटत असायचं. साईंना एकदा निळीच्या एका जुन्या चाचणीचा पत्ता लागेना, तो बाईंच्या औषधांच्या मासिकात सापडला. साईं टेबलावर चढून नाचायचे बाकी राहिले. तरीही इतिहास लिहायला बसले आणि या नियमापाशी येऊन माझा हात थांबला. बाईंचा फोनही आला होता. "बाकी काही राहिलं तर चालेल, नियम तेवढा नीट लिही. आपण स्वतः केलेली तेवढी एकच गोष्ट आहे." मी बरं म्हटलं. बरं कसलं? बावीस-तेवीस वर्षं त्या नियमावर माझा राग होता.

माझा नवरा शिफ्ट सुपरवायझर होता. त्याला खोकला लागला, मग जिना चढताना धाप. फुफ्फुसं हळूहळू जाड आणि कडक होत जातात, असा आजार निघाला. डॉक्टर बोलायला तयार नसायचे. "बघू या, औषध चालू ठेवा," एवढंच. मी तर दिवसभर लोकांना उत्तरं शोधून देणारी बाई, आणि माझ्या ग्रंथालयात सगळं रंगांवरचं. औषधांचं सगळं बाईंकडे. म्हणून एका शनिवारी मी तो प्रश्न मांडला, अगदी आमच्या पद्धतीने, आजाराचं नाव, उपचार कोणते, परिणाम काय. कोण आजारी आहे, ते बोलले नाही.

आणि कुणी विचारलं नाही. मला खरं सांगायचं तर कुणीतरी विचारावं, म्हणूनच मी तिथे गेले होते. एकाने तरी म्हणावं, अगं, कोणाला झालंय? एवढंच हवं होतं. मी तिथेच रडले असते आणि मोकळी झाले असते. बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "माझ्याकडे." साईंनी पकवान पुढे केलं.

पुढच्या शनिवारी बाईंनी पाकीट दिलं. जाडजूड. तारखेप्रमाणे लावलेले कागद, महत्त्वाच्या ओळींना पेन्सिलीची बारीक रेघ, कुठे शिक्क्याची कोरसुद्धा नाही. इतकं देखणं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि त्या देखणेपणाचाच मला राग आला. घरी जाऊन मी नवऱ्याला एकेक कागद समजावून सांगितला. औषधांचा उपयोग होतो. श्वासाचे व्यायाम आहेत. काही लोक वर्षानुवर्षं आहे तसेच राहतात. तो उशीला टेकून ऐकत होता. सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे वेळ आहे."

त्याचं गाव रत्नागिरीकडे, खाडीला लागून. मुलीला त्या खाडीत पोहायला शिकवायचं, हे त्याच्या फार मनात होतं. तेव्हा ती सातवीत. मे महिना आला तर त्याच्या प्लांटचं मोठं दुरुस्तीचं काम निघालं. "पुढच्या मेमध्ये जाऊ," तो म्हणाला, "वेळ आहे ना." मीही म्हटलं, हो. पुढच्या होळीच्या आधीच तो गेला.

साईं घरी आले ते दारातच रडायला लागले. "मॅडम, बोलना था ना, साईं. सांगायचं ना आम्हाला." बाई आल्या, माझ्याजवळ बसल्या, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेल्या. तेव्हापासून माझ्या मनात एक पक्कं बसलं, की ही पुस्तकातली माणसं. यांना प्रश्न दिसतो, माणूस दिसत नाही. तरी मी शनिवारी जात राहिले, कारण दुसरीकडे कुठे जाणार?

पुढची वर्षं इतिहासात मी भराभर उरकली आहेत, कारण ती तशीच गेली. कॉम्प्युटर आले, मासिकं त्यांच्या आत गेली, खोल्या रिकाम्या झाल्या. माझ्या वाचनकक्षाची मीटिंग रूम झाली आणि कपाटांच्या जागी प्लास्टिकचं झाड आलं. बाई निवृत्त झाल्या, साईं झाले, मागोमाग मी. नवीन मुलं ग्रंथपाल म्हणून लागत नाहीत, त्यांच्या हुद्द्यांची नावं मला पाठ होत नाहीत. शेवटी यंदा मंडळ बंद करायचं आणि जाता जाता छोटीशी पुस्तिका काढायची, असं ठरलं. त्याच सभेला मी उशिरा पोचले.

त्याच्या पुढच्या बैठकीला, मार्च संपता संपता, आम्ही अगदी मोजकी माणसं होतो. माळ्यावर हल्ली जीन्सचे गठ्ठे असतात, त्यांच्यावरच बसलो. बाई सोनिवलीहून रिक्षा करून आल्या होत्या. तिकडे नव्या इमारतीत त्या एकट्या राहतात. अलीकडे त्यांचं एक नवीनच सुरू झालं होतं, बोलताना मान तिरकी करायची आणि आपल्याकडे न बघता बाजूला कुठेतरी बघायचं. साईंची खात्री होती की त्या त्यांच्यावर रुसल्यात. "मागच्या टाइमला पकवान ज्यादा तेलवाला था, म्हणून," ते माझ्या कानात म्हणाले.

मी इतिहास कुठवर आला ते सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "माझा एक प्रश्न आहे."

मंडळात प्रश्न मांडला गेल्याला किती वर्षं झाली, कुणालाच आठवत नव्हतं. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, कोण कशाला विचारतो? सगळे एकदम सरसावून बसले. बाईंनी नेहमीच्या हळू आवाजात मांडलं. म्हातारपणी डोळ्याचा पडदा मधोमध झिजतो, त्यातला कोरडा प्रकार, तो वाढत कसा जातो आणि शेवटी किती दिसतं.

"मैं देखता हूँ!" साईंनी हात वर केला. म्हातारा आनंदाने फुलून गेला होता. "माझी भाची डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये आहे. सगळे कागद आणून देतो, साईं, एकदम टॉप."

मी बाईंकडे बघत होते. त्या माझ्या कानाकडे बघत होत्या. आणि मला एकदम कळलं, की त्या मला बघण्यासाठीच कानाकडे बघताहेत.

"बाई," मी म्हटलं, "हे कोणाला झालंय?"

सगळे माझ्याकडे वळले. साईंच्या हातातला पकवानाचा तुकडा तसाच राहिला.

"नियम," बाई म्हणाल्या. उजवी भुवई वर गेली.

"नियम गेला खड्ड्यात. कोणाला झालंय?"

बाईंची भुवई खाली आली. "मला," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात वयाचं आहे. ते मला माहीत आहे. मोबाईलवर बघायला गेले तर अक्षरं मधोमध पुसलेली दिसतात, नाहीतर तुम्हाला कशाला सांगितलं असतं."

साईं उठून त्यांच्यापाशी जाऊन बसले आणि त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत बाईंचा हात कुणी धरलेला मी पाहिला नव्हता. त्यांनीही तो सोडवून घेतला नाही.

जिना उतरताना मी त्यांना कोपराला धरलं होतं. मधल्या पायरीवर त्या थांबल्या. "साईं करेल, पण तूही बघ. आणि मला सगळं दे. मी तुला गाळून दिलं होतं, तसं नको."

मला आधी कळलंच नाही. "काय गाळून दिलं होतं?"

"माणूस किती दिवस राहतो, ते सांगणारे कागद. बरेच होते. मी काढून ठेवले."

"तुम्हाला माहीत होतं? माझ्याच घरातलं आहे, हे?"

"तुझा आवाज ऐकला ना मी," बाई म्हणाल्या. "साहेबाचा प्रश्न कुणी असा विचारत नाही."

मी त्यांना रिक्षात बसवलं. साईं कॅम्प दोनला जायच्या रस्त्यावर उभे राहून हात हलवत होते. मला बदलापूरलाच जायचं होतं, सोनिवली वाटेवर, तरी मी त्या रिक्षात चढले नाही. दुसरी केली. ज्या बाईला मी इतकी वर्षं दगड समजले, तिला पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं. आणि ज्या बाईने आम्हाला एकही कागद गाळायचा नाही असं शिकवलं, तिने माझेच कागद गाळले. कशाचा जास्त राग आला, मला ठरवता येईना. तो मे महिना माझ्या हातात होता. ते कागद वाचले असते तर मी त्याच्या प्लांटची पर्वा केली नसती, त्याला आणि मुलीला ओढत खाडीवर नेलं असतं. मुलीला अजून पोहता येत नाही.

रात्री पुण्याला मुलीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. "आई, पण बाबा तेवढे दिवस हसत होता," ती म्हणाली. मग मला तिचाही राग आला आणि मी फोन ठेवून दिला.

पंधरवडाभर मी काही केलं नाही. मग एका सकाळी लॅपटॉप उघडला. मी बाईंच्या हाताखाली तयार झालेली, शोधायला लागले की अर्धवट सोडता येत नाही. जे जे होतं ते काढलं, चांगलं आणि वाईट. तारखेप्रमाणे लावलं. साईंनी भाचीकडून आणलेले कागद मध्ये घातले, त्यांच्यावर तेलाचे डाग होतेच. शिक्का झाकायची गरज नव्हती, तरी कोऱ्या पाकिटात घालायला गेले आणि थांबले. पाकिटावर मोठ्या अक्षरात बाईंचं नाव लिहिलं.

सोनिवलीला त्यांच्या इमारतीखाली जवळच्याच शेतकरी घरातली एक आजी भाजी घेऊन बसते. "बाईंकडं चाललीस? त्या मला आवाज दिल्याबगर वळखत नाय आता," ती म्हणाली. म्हणजे भाजीवालीला माहीत होतं आणि आम्हाला नव्हतं.

बाईंनी पाकीट हातात घेतलं, त्यावरच्या नावावरून बोट फिरवलं आणि परत माझ्याकडे दिलं. "तूच वाच."

मी हा विचारच केला नव्हता. त्यांना वाचता येत नाही, हेच तर दुखणं होतं. वाचणार मी, आणि मी काय वाचते आणि काय सोडते, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. खिडकीशेजारी बसले आणि एकेक कागद मराठीत सांगत गेले. त्या मान तिरकी करून ऐकत होत्या. बराच वेळ बरं चाललं. चालणंफिरणं राहतं. कडेचं दिसत राहतं. पूर्ण अंधार सहसा होत नाही. बाई मान हलवत होत्या, त्यांचा चेहरा सैल झाला होता, आणि मग पुढच्या कागदावर ती ओळ आली. ती माझ्या डोळ्यांनी आधीच वाचली होती. बाईंचा तो सैल झालेला चेहरा समोर होता. माझी जीभ आपोआप त्या ओळीवरून पुढच्या ओळीवर जायला निघाली.

जिन्यावर मला न कळलेलं सगळं तेव्हा कळलं. बाईंनी त्या दिवशी त्यांच्या ग्रंथालयात बसून ते कागद बाजूला कसे ठेवले असतील, ते मला अगदी दिसलं. राग गेला, असं मी म्हणणार नाही. पण तो आता एकट्या बाईंवरचा उरला नाही, त्यात मीही आले.

"थांबलीस का?" बाई म्हणाल्या.

मी ती ओळ वाचली. या टप्प्यावरच्या बऱ्याच रुग्णांना काही काळाने मोठी अक्षरंसुद्धा वाचता येत नाहीत आणि अगदी समोरच्या माणसाचाही चेहरा ओळखता येत नाही.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचली.

"काही काळाने म्हणजे?"

"कुणाला वर्षं लागतात, कुणाला महिने. नक्की सांगता येत नाही, असं लिहिलंय. मी काही गाळलेलं नाही, बाई."

"माहीत आहे. तू थांबलीस ना," त्या म्हणाल्या. मग बाहेर, इमारतींच्या मागे उरलेल्या शेताच्या बाजूला तोंड करून बसल्या. "म्हणजे चेहरे."

"हो. चेहरे."

"माझी थोरली बहीण आहे मालवणला," बाई म्हणाल्या. "बोलावते सारखी. जाईन म्हणते दिवाळीनंतर, हवा जरा बरी असते."

एप्रिल संपत आला होता. मी कागद पाकिटात घातले.

"दिवाळी नको," मी म्हटलं. "या मेमध्ये जाऊ. मी येते बरोबर."